व्होला खुर्द

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या आमच्या घराशेजारी एक पोलिश बाई एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी कुंपणावरून रुबार्बची जुडी दिली होती आणि मी हसून घेतली होती, एवढीच काय ती ओळख. रुबार्बचं काय करायचं ते मला आजही नीट माहीत नाही. खरी ओळख झाली ती बाबा आल्यावर.

आई गेल्यानंतर बाबा वर्षभरासाठी आमच्याकडे आले. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. त्यांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, महसूल खात्यात झालेली. मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झाले. तलाठ्याच्या वर आणि तहसीलदाराच्या खाली जो माणूस असतो, तो. मी आणि नवरा सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला कामाला गेलो की घरात बाबा आणि हीटर. थोड्याच दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घराची हद्द कुठून कुठे जाते हे त्यांनी बघून ठेवलं. रस्त्यात भेटेल त्याला इथलं माओरी 'किया ओरा' म्हणायचे आणि पुढचं कचेरीतल्या इंग्रजीत.

एका रविवारी ते मागच्या अंगणात कराडच्या मित्राशी फोनवर बोलत होते. फोन परदेशातला म्हणजे ओरडूनच बोलायचं, हा त्यांचा नियम. कुंपणापलीकडून आवाज आला, "काय पाहिजे? नको. उद्या ये."

मी कपडे वाळत घालत होते, ती तशीच थांबले. शेजारच्या बाई हसत होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लहानपणी, त्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिल्या होत्या, रशियातून सुटून आलेल्या हजारो पोलिश बायकामुलांबरोबर. तिथल्या बाजारात कानावर पडलेलं एवढंच मराठी शिल्लक होतं. 'उद्या ये' हे बाबांनी उभ्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य असणार, असं मी म्हणाले. बाबांना ते आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी शेजारी चहाला जायला लागले आणि मी बाईंना मावशी म्हणायला लागले. दोघांचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. जिथे अडायचं ते संध्याकाळी मी जाऊन सोडवायचे.

मावशींना एक धाकटी बहीण होती, हे त्यातूनच कळलं. पोलंडच्या पूर्वेकडे, ब्यावीस्तोक शहराच्या बाजूला त्यांचं गाव. मावशी पाच-सहा वर्षांच्या आणि बहीण तीन वर्षांची असताना रशियन सैनिक पहाटे दारात आले आणि आईला आणि मावशींना गाडीत घालून घेऊन गेले. बहीण तेव्हा घरी नव्हती. तिला गोवर आला होता म्हणून आजीने तिला आपल्याकडे, म्हणजे त्यांच्या आजोळी, ठेवून घेतलं होतं. आई सायबेरियाच्या वाटेवरच गेली. पुढे इराण, मग वळिवडे, मग इंग्लंड, लग्न आणि हे गाव. बहिणीचं काय झालं ते मावशींना कधीच कळलं नाही. एकदा शोध घेतला होता, पण आजोळच्या गावाचं पूर्ण नावच त्यांना सांगता येईना. आई नुसतं 'व्होला' म्हणायची, आणि पोलंडात व्होला नावाची गावं ढिगाने आहेत. आपल्याकडे वाड्या असाव्यात तशी.

"ती असेल तर माझ्यापेक्षा लहान आहे," मावशी म्हणायच्या. "म्हणजे असू शकते. मला एकदा तिला बघायचंय, बास."

बाबांच्या अंगात आलं. दुसरा शब्द नाही. 'गाव कोणतं, तालुका कोणता' हा प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला होता आणि आता कुणीतरी त्यांच्याकडे तो घेऊन आलं होतं. मला लायब्ररीतून त्या प्रांताचा नकाशा आणायला लावला. मावशींकडून सगळी रचना समजून घेतली. सगळ्यात वर प्रांत, त्याखाली पोव्यात, त्याखाली ग्मिना, आणि एकेका ग्मिनात दहावीस गावं. ग्मिना म्हणजे तालुक्याहून लहान, आपल्या मंडळाएवढी, हे कळल्यावर तर ते खूशच झाले. म्हणजे पोलंडात असते तर ते एका ग्मिनाचे साहेब असते. आठवडाभर जेवताना दुसरा विषय नव्हता.

मावशींच्या गावापासून बैलगाडीने नाही, घोडागाडीने अर्ध्या दिवसात पोचता येईल अशा अंतरावर दोन व्होला सापडल्या. व्होला व्येल्का, म्हणजे मोठी, आणि व्होला मावा, म्हणजे धाकटी. मधून एक ओढा. बाबांना मावा म्हटल्यावर तंबाखूचा मावा आठवला आणि ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "बुद्रुक आणि खुर्द. जगात सगळीकडे सारखंच."

मोठी व्होला एका ग्मिनात होती आणि धाकटी ओढ्यापलीकडे, दुसऱ्या ग्मिनात. हे आपल्याकडेही होतं. बुद्रुक या तालुक्यात, खुर्द त्या तालुक्यात, आणि लोक मयतीला मात्र एकमेकांकडे जातात.

आता यातली मावशींची व्होला कोणती? बाबांनी एका क्षणात निकाल दिला. "बुद्रुक," ते म्हणाले. "खुर्दचा माणूस खुर्द म्हटल्याशिवाय राहत नाही. त्याला सांगावंच लागतं, नाहीतर त्याचं टपाल बुद्रुकला जातं. नुसतं नाव घेतो तो मोठ्या गावचा. यांची आई नुसतं व्होला म्हणायची ना? मग झालं तर."

ऐकायला पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. मावशींनी तर हात जोडले, वळिवड्याला शिकलेले. तरी मी म्हटलं, "बाबा, दोन्ही ग्मिनांना पत्र पाठवू या ना. एका तिकिटाचा तर प्रश्न आहे."

"तुला कचेरी माहीत नाही," बाबा म्हणाले. "एक अर्ज दोन ठिकाणी टाकला की दोन्हीकडे पडून राहतो. हा म्हणतो तो बघेल, तो म्हणतो हा बघेल. अर्ज एकाच टेबलावर पाहिजे. मग त्या टेबलाला उत्तर द्यावंच लागतं."

पस्तीस-छत्तीस वर्षं ते त्या टेबलाच्या पलीकडे बसलेले. मावशींनी पोलिशमध्ये पत्र लिहिलं, बाबांनी त्याचा मसुदा तीनदा बदलायला लावला, आणि ते मोठ्या व्होलाच्या ग्मिना कचेरीला गेलं.

उत्तर यायला बरेच महिने लागले. आलं तेव्हा इथला हिवाळा होता, सकाळी काचांवर बर्फ खरवडावं लागत होतं. मावशी पत्र घेऊन आमच्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या राहूनच त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. त्या नावाची, त्या आडनावाची एक मुलगी मोठ्या व्होलात लढाईच्या काळात टायफसने वारली. वय सहा. चर्चच्या दफनाच्या नोंदीत एवढंच होतं.

बाबांनी एक प्रश्न विचारला, तो मात्र योग्य होता. "मधलं नाव काय? वडिलांचं?"

मावशी म्हणाल्या, वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत आमच्यात नाही. आई-वडिलांची नावं वेगळ्या रकान्यात असतात आणि तो रकाना जळालाय असं लिहिलंय.

"आणि आडनाव? गावात त्या आडनावाची घरं किती?"

"अर्धं गाव," मावशी म्हणाल्या.

ज्या माणसाच्या हाताखालून सात-बारावरचे एकाच नावाचे चार-चार खातेदार गेले, त्याला इथे थांबायला हवं होतं. पण गाव त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं. ते म्हणाले, "गाव जुळतं, नाव जुळतं, वय जुळतं. तीच." मग उठून त्यांनी मावशींसाठी चहा केला. एरवी ते स्वतःचा चहासुद्धा करत नसत.

मावशींनी बहिणीसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितला. हट व्हॅलीतले म्हातारे पोलिश लोक आले होते, आम्हीही गेलो. बाबा कोट घालून पुढच्या बाकावर बसले. फादरांनी मृतांची प्रार्थना म्हणताना त्या लहान मुलीचं नाव घेतलं आणि व्होला व्येल्का असं गावाचं नावही घेतलं. बाहेर आल्यावर मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "आता वाट बघायची नाही. बरं झालं." पोलंडला जायचं म्हणून त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला होता. तो त्यांनी कपाटात टाकून दिला. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. बाबा व्हिसा संपल्यावर कराडला गेले आणि तिथे, मला नंतर कळलं, त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. पोलंडची केस मी इथून मिटवली म्हणून.

दीडेक वर्षाने ते परत आले. त्याच महिन्यात मावशींना पोलंडहून फोन आला.

फोन बहिणीच्या मुलीचा होता. म्हणजे बहिणीला मुलगी होती, नवरा होता, नातवंडं होती. लढाई संपल्यावर आजीने तिला वाढवलं, तिथेच तिचं लग्न झालं आणि ती जन्मभर त्याच घरात राहिली. व्होला मावामध्ये. भाची आईच्या मृत्यूची नोंद करायला आपल्या ग्मिना कचेरीत गेली, तर तिथली कारकून शेजारच्या ग्मिनातून बदली होऊन आलेली. तिने नाव वाचलं आणि म्हणाली, या नावासाठी न्यूझीलंडहून एक पत्र आलं होतं, दोनेक वर्षांपूर्वी, आमच्या आधीच्या कचेरीत. मी उत्तर दिलं होतं. त्या बाई तुमच्या कोण?

बहीण त्या आठवड्यात गेली होती. मिस्सा झाल्यावर दीड वर्ष ती जिवंत होती.

हे मावशींनी मला कुंपणाशी सांगितलं, कोरड्या आवाजात. त्यांच्या आईने कधीच 'मावा' म्हटलं नव्हतं, कारण धाकट्या व्होलातलं कुणीच म्हणत नाही, असं भाचीने सांगितलं. तिथल्या लोकांच्या लेखी तीच खरी व्होला. मोठी ती नंतर वसलेली, तिला व्येल्का म्हणावं लागतं, म्हणून ते म्हणतात. आपलं गाव कुणी लहान म्हणत नाही.

मी घरात येऊन बाबांना सांगितलं, आणि मला इतका राग आला होता की मी काही गुळमुळीत बोलले नाही. एक तिकीट, बाबा, मी म्हणाले. एक तिकीट जास्त लावलं असतं तर. बाबा तळहातावर बोटाने ओढा काढून पुटपुटायला लागले की खुर्द हे नंतर वसलेलं असतं, आधी बुद्रुक, असंच असतं, रेकॉर्ड बघ. मी म्हणाले, कराडला असेल.

दुपारी मावशी आमच्याकडे आल्या. काळे कपडे होते. बाबा उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले. मावशी त्यांच्यावर रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्यांना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती त्यांनी इतकी हळू विचारली की मला बाबांसाठी मराठीत पुन्हा सांगावी लागली.

"मावशी विचारतायत," मी म्हणाले, "की आपल्यात जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं गेलं तर काय करतात?"

नोकरीत बाबांच्या तोंडात जे बसलं होतं तेच बाहेर आलं. "जिवंत माणसाला मयत दाखवलं असेल तर त्याला हजर करायचं. माणूस समोर उभा राहिला की नोंद रद्द होते." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि ते खाली बसले.

मी ते भाषांतर करून सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती हजर होती," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष होती. आम्हीच बोलावलं नाही."

मग पिशवीतून एक कोरा कागद आणि पेन काढून त्यांनी बाबांच्या पुढे ठेवलं. फादरांकडे पुन्हा मिस्सा सांगायचा होता. मागच्या वेळी त्यांना गावाचं नाव बाबांच्या अक्षरात दिलं होतं, तसं आताही द्या, म्हणाल्या, तुमचं अक्षर त्यांना नीट लागतं. बाबांनी पेन हातात घेतलं. 'व्होला' लिहिलं, आणि पुढचा 'मावा' हा शब्द लिहायला त्यांचा हातच चालेना. मावशींनी वाट बघितली. शेवटी त्यांनी बाबांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो लिहिला.