मामाजी आणि डब्यातला रस

हिंगणघाटात आजवर जेवढी फळं गोड निघाली, तेवढी आमच्या मामाजींना विचारूनच निघाली असावीत. मामाजी म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा. जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात त्यांची उमर गेली, आणि उरलेला सगळा वेळ तोच हात फळांवर फिरला. टरबूज कानाशी धरून टिचकी मारायचे आणि फळवाल्यानं तोंड उघडलं की डाफरायचे, "गप राय ना बे, ते बोलून राह्यलं!" दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला गेले तर आधी उशाची सफरचंदं हुंगायचे. "हे कोनं आनले? मानसाच्या जिवावर उठले काय?" एवढं ऐकवून मग तब्येत विचारायचे. मला पाहायला आष्टीला आले, तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी निकाल दिला होता, "पोरगी लाखात एक आहे. पन घरात मृग बहाराची गोड संत्री असून आपल्याले आंबिया बहाराची काऊन देल्ली?" त्या एका बशीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं, बाई!

लग्नानंतर त्यांच्यासोबत बाजारात जाणं माझ्या नशिबी आलं. डझनभर संत्र्यांना पाऊण तास. प्रत्येक संत्रं उचल, देठाशी हुंग, ठेव, पुन्हा तेच उचल. ओळखीचं कुणी दिसलं की मी सरळ शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात घुसायची. आमच्या घरचा आंब्याचा माचही तेच घालायचे. गावरान आंबे पिकायला तणसात दाबायचे, आणि अमुक दिवशी रस करा म्हणाले की त्याच दिवशी करायचा. रस अमृत असे, खोटं कशाला बोलू? पण रेषा दातांत अडकायच्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलीला पुण्यात दिलं आणि जावयाचं पहिलं रसाचं जेवण आलं. विहीणबाईही येणार होत्या. शहरातली माणसं आपल्याकडे बसून दात कोरतील, आणि मामाजी त्यांना आंब्याच्या कोयीवर व्याख्यान देतील, या विचारानंच मला घाम फुटला. पुण्यातल्या माझ्या मुलानं इंटरनेटवरून हापूसची पेटी आणि रसाचे तीन डबे मागवले. कुरियरवाला दारात सोडून गेला. ना हुंगणं, ना टिचक्या, ना चारचौघांत शोभा! मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मामाजींना मी बेधडक सांगितलं, "जावयांना सुटी नाही, जेवण रद्द झालं."

हापूस निघाले दगडासारखे. मुकाट्यानं डबे फोडले. पंगत बसली, रस वाढला, आणि दारातून आवाज आला, "सूनबाई, माच उतरला वं! जेवन नाई तं नाई, घरी तं खासाल!" डोक्यावर टोपली घेऊन मामाजी आत आले आणि भरली पंगत बघून थबकले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हीच ना ते मामाजी? आमची सून सारखं तुमचं सांगते. आंबे काय निवडलेत हो! एक रेष नाही." मामाजींनी वाटीकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी रिकामा डबा पडला होता, त्याच्याकडे पाहिलं. मग टोपली उतरवली, तो डबा पायानं हळूच दाराआड सरकवला आणि म्हणाले, "हो, मीनंच निवडले. यंदा माच बरा जमला." आणि पाटावर बसले. ज्या माणसानं जन्मात विकतचा रस जिभेला लावला नव्हता, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाढ वं सूनबाई, अजून एक वाटी." दोन वाट्या प्याले.

त्यांनी नंतर हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायला कितीदा त्यांच्या घरी गेले, आणि चहा पिऊन परत आले. तीन वर्षांनी मामाजी गेले. माफी मागायची राहूनच गेली.

आता मी फळं संगणकावरूनच मागवते. शेजारणी विचारतात, "बाजार एवढा जवळ असून काऊन वं?" मी म्हणते, स्वच्छ असतात, घरपोच येतात, गुडघे दुखतात. खरं कारण वेगळंच आहे. बाजारात गेलं की म्हातारे फळवाले मला ओळखतात. टोपली पुढं सरकवून म्हणतात, "घ्या बाई, तुमीच निवडा. तुमी मामाजींच्या घरच्या." माझा हात फळापर्यंत जात नाही.