गेटाबाहेरचा अपघात

तापवलेल्या हळदीचा वास आला की माझा डावा पाय अजून आखडतो. चाकणच्या कंपनीत रिव्हर्स येणाऱ्या, माल उचलायच्या फोर्कलिफ्टच्या चाकाखाली तो चेपला होता. गाडी चालवत होता तो आमच्या परभणीकडचाच, त्याला मी भाऊ म्हणायचो. नववीत शाळा सुटल्यावर त्यानंच मला इथं आणलं, खोलीत ठेवलं, जेवू घातलं. मला उचलताना तो कानाशी लागला, ‘भावा, गेटाबाहेर मोटारसायकलवरून पडलो म्हण, नाहीतर माझं काम जातंय. इथं आतले सगळे अपघात गेटाबाहेरच होतात राव.’ मी मान हलवली. पण सेफ्टीच्या साहेबांनी हातात पाण्याचा ग्लास देऊन विचारलं, ‘पोरा, कशानं लागलं?’ आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं, ‘फोर्कलिफ्टनं. तिचा ब्रेक लागत नाही.’ ब्रेक दुरुस्त झाला; तसली गाडी चालवलीच का, म्हणून आम्हाला कामाला लावणाऱ्या ठेकेदारानं भाऊला काढलं. संध्याकाळी गावाकडं निघायची बॅग भरून झाल्यावर त्यानं माझ्या पायाला हळद लावली. ‘भाऊ, रागवा की माझ्यावर,’ मी म्हणालो. ‘आधी बोटं हलव बघू,’ तो म्हणाला. आता त्या गाडीवर मी असतो. नुसता पाय टेकवला तरी ब्रेक लागतो, आणि बसल्या जागी चोरी केल्यासारखं वाटतं.