हबशी किल्लेदाराचा वंश

याकूबभाऊला आमच्या गावानं कधी दुखावलं नाही. नुसतं जीव लावून धरून ठेवलं, आणि तेच त्याला भोवलं.

नरडाणा स्टेशनापासून तीन कोसांवर आमचं गाव. गावाबाहेर एका हबशी किल्लेदाराची कबर. दुष्काळात त्यानं किल्ल्यातलं धान्य लोकांना वाटलं आणि त्यापायी स्वतःचा जीव गमावला, असं गाव सांगतं. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर ओळसुद्धा नाही. मी मास्तर, मीच ते पुस्तक शिकवायचो. गावाला मात्र तो तोंडपाठ. त्याच्या कबरीवर रोज तिन्हीसांजेला दिवा लागायचा, आणि तोही त्याच्या वंशातल्याच हातानं. तो वंश म्हणजे एकटा याकूब सिद्दी. काळाभोर, कुरळ्या केसांचा आणि आमच्यासारखीच अहिराणी बोलणारा. बायको वारलेली. एकुलती मुलगी हलीमा गुजरातेत राजपीपळ्याकडे, त्यांच्या सिद्दी माणसांत दिलेली.

चौसष्ट साली तो तिला भेटायला दोन दिवस गेला, कबरीवरचा दिवा राहिला, आणि नेमकी गारपीट झाली. उभा गहू झोपला. कुणी त्याला शब्दानं बोललं नाही. पण त्यानंतर तो पिशवी घेऊन निघाला की आमचे नाना, म्हणजे माझे वडील, गावचे पोलीस पाटील, बैलगाडी जुंपून मागे जायचे. स्टेशनावर त्याला आधी चहा पाजायचे.

"याकूबभाऊ, बठ्ठं गाव तुनं शे. तू जाशी ते दिवा कोन लाई?"

सगळं गावच आपलं म्हटल्यावर तो बैलगाडीत बसून परत यायचा. असं चारदा झालं. चौथ्या वेळी हलीमाला मुलगा झाल्याचं कार्ड त्याच्या खिशात होतं. वाटभर तो रडला आणि नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला नानांची चीड आली, पण त्यांच्या तोंडावर बोलायची छाती कुठून आणणार? मग मी माझा शहाणपणा केला. बाप जाऊ शकत नाही तर लेकीनं यावं, म्हणून हलीमाला पत्र लिहिलं.

पौषात ती आठ दिवस राहायला आली. कडेवर वर्षाचं पोर. याकूबभाऊनं नातवाला उचललं आणि त्याच्या जावळात नाक खुपसून कितीतरी वेळ उभा राहिला. मला धन्य वाटलं.

तेवढ्यात ढोल वाजला. अर्धं गाव दारात. सुकदेव शिंप्यानं हिरवं झबलं शिवून आणलेलं, झुंबरबाईनं करदोडा. नानांनी पोराच्या मुठीत कौतुकानं एक पणती दिली.

"आते काळजी मिटनी," ते म्हणाले. "पुढला दिवा लावनारा उना."

दिव्याला वारस आला म्हणून सगळे हसले. हलीमाही हसली. याकूबभाऊ मात्र पोराच्या मुठीकडे बघत राहिला.

तासाभरानं तो पोराला घेऊन माझ्याकडे आला. पोराला ताप आलाय, लेकीला घरी परतायला स्टेशनावर सोड, म्हणाला. मी हात लावून पाहिलं तर पोराचं अंग थंड होतं. मी गाडी जुंपली. तो स्वतः जात नव्हता, म्हणून कुणी अडवलं नाही.

वेशीबाहेर त्यानं पोराला हलीमाच्या मांडीवर दिलं.

"मी मरनू तरी याले आठे लई येऊ नको."

पोराला इथे आणू नको म्हणणाऱ्या बापाकडे ती बघतच राहिली. मी बैल हाकले. पोर त्याच्याकडे हात पसरून रडत होतं, आणि तो पाठ फिरवून भराभर गावात चालला होता.