व्याह्यांचे बदाम

पेंटरनं चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ‘आत येऊ नये.’ असं लिहिलं, तरी पुढं टिंब देणारच. टिंब नसेल तर वाक्य दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटतं, म्हणायचा.

त्याची एकुलती एक मुलगी त्याच्याच शेडमध्ये, रंगाच्या उपड्या डब्यावर बसून ब्रश धरायला शिकली. लग्नानंतर ती जुन्या किटल्या, पत्र्याच्या ट्रंका रंगवून त्यांचे फोटो ऑनलाइन टाकू लागली. ते पाहायला पेंटरनं नवा फोन घेतला. पहिल्या फोटोखाली त्यानं बराच विचार करून लिहिलं, ‘छान.’ मुलीनं उत्तरादाखल अंगठा पाठवला.

खालीच तिच्या सासऱ्यांची कमेंट होती. ‘सूनबाई, जिंकलंस!!!’ आणि पुढं पाच लाल बदाम. व्याही निवृत्त बसकंडक्टर. जन्मात ब्रश धरला असेल तर दाढीचा. त्यांना मात्र मुलीचं उत्तर, ‘थँक्यू बाबाााा!’

“एवढे काने मला कधी मिळाले नाहीत,” पेंटर बायकोला म्हणाला.

“मग तुम्हीही द्या की दोन बदाम.”

“मी काय पत्ते खेळतोय?”

तेव्हापासून नवा फोटो आला की तो आधी व्याह्यांची कमेंट शोधायचा, चित्र नंतर.

एका सकाळी निळी ट्रंक आली. तिच्यावर वेल होती, आणि वळणावर ब्रश न उचलता जाडची बारीक होत जाणारी रेघ. ती रेघ त्याची. हात धरून शिकवलेली. खाली व्याह्यांनी लिहिलं होतं, ‘ही कला म्हणजे आमच्या घराची शान!!!’

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं लिहिलं, ‘हो. तुमच्याच घराची.’

थोड्या वेळानं व्याह्यांची कमेंट गायब झाली. दुपारी मुलीचा फोन आला.

“अण्णा, हे काय लिहिलंत?”

“त्यात एक तरी वाईट शब्द आहे का?”

“शब्द नाही हो, ती टिंबं! खिळे ठोकल्यासारखी. बाबा सकाळपासून गप्प बसलेत. जेवलेही नाहीत.”

“टिंब मी नेहमीच देतो.”

“‘छान.’चं टिंब मला कळतं, अण्णा. हे तसलं नव्हतं.”

आता थाप मारायला जागा उरली नाही. “जळलो गं,” तो म्हणाला. “रेघ माझी आणि शान त्यांची!”

ती म्हणाली, “तेही जळतात तुमच्यावर. म्हणतात, आम्ही एवढं भरभरून लिहितो, पण अण्णांचं ‘छान.’ आल्याशिवाय तू काही फोन खाली ठेवत नाहीस.”

हे ऐकून पेंटरला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. त्यानं लगेच व्याह्यांना फोन लावला. “चुकलो, व्याही. जेवून घ्या.”

“अहो, ‘आमच्या’ म्हणजे तुमच्या-आमच्या, असं म्हणायचं होतं मला,” व्याही म्हणाले. ते खरं की सारवासारव, हे पेंटरनं विचारलं नाही.

पुढच्या किटलीखाली त्यानं ‘छान!’ लिहिलं आणि बायकोकडून शिकून घेऊन एक बदाम टाकला. मुलीनंही एक बदाम पाठवला. पेंटरनं चष्मा पुसला आणि खाली सरकून व्याह्यांना किती आलेत ते पाहिलं.

तीन.

त्यानं फोन पालथा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा उचलला.