तुयं का मायं?

तपासलेला पेपर त्या लगेच परत देत नसत. पोराला टेबलाजवळ बोलावायच्या, उत्तरावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "तुयं का मायं?"

म्हणजे, हे तुला समजलंय, की माझं फळ्यावरचं पाठ केलंस? घाटंजीजवळच्या आमच्या शाळेतल्या या गणिताच्या मॅडम. तुमच्याही शाळेत अशी एक संशयी बाई असेलच. पोरगं "मायंच जी" म्हणालं, की आकडे बदलून तेच गणित पुन्हा सोडवायला लावत.

आम्हीही सुटायचो नाही. मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गाचे निबंध चाळून एकदा म्हणाल्या, "काहून जी सर, सगळ्याइचा बैल एकाच दिवशी मेला?" स्टाफरूम हसली. मीही हसलो, जरा कमी.

दहावीच्या गणिताच्या पेपरला वर्गावर मी होतो. निकाल पडला तर पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्या शाळेत जाणार, तुकडी तुटणार, मी अतिरिक्त ठरणार. एकेका गुणाची उत्तरं मी घाईत सोडवली आणि हळूच सांगितली. एका उत्तरातलं उणे चिन्ह विसरलो. अख्ख्या वर्गाने तीच चूक लिहिली. तांड्यावरच्या एका मुलीने आधी बरोबर लिहिलं होतं. सर सांगतात म्हणून तिने ते खोडलं.

बोर्डाने पोरांना अमरावतीला चौकशीला बोलावलं. मॅडमच घेऊन गेल्या. एकाही पोराने माझं नाव घेतलं नाही.

परत आल्या त्या थेट स्टाफरूममध्ये. "गणित येणाऱ्याची चूक नाही ही. त्या पोरीचं खोडलेलं पाह्यलं मी." एकेकाकडे बघत माझ्यापाशी थांबल्या. "सर, हे तुमचं का मायं?"

मी पाणी प्यायलो.

संस्थेला एक नाव हवं होतं. पेपर गणिताचा, म्हणून उत्तरं मॅडमनीच पुरवली, असा जबाब तयार झाला. त्या दिवशी त्या केंद्रावर फिरकल्याही नव्हत्या. खाली सह्या झाल्या, तिसरी माझी. त्यांना झरी जामणीकडच्या शाखेत धाडलं.

जाताना एवढंच म्हणाल्या, "सर, त्या पोरीले सांगजा, तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं."

नाही सांगितलं. तिने विचारलं असतं, "मंग तुम्ही तसं काहून सांगतलं जी?"

ते चुकीचं उत्तर माझं होतं. आज पहिल्यांदा लिहून देतोय.

त्यांची जागा अजून भरलेली नाही. गणिताच्या तासाला मलाच पाठवतात. पोरं गाइडातून उतरवलेल्या वह्या पुढे करतात. मी उत्तरावर बोट ठेवतो. पुढचे शब्द काही फुटत नाहीत.