मामा आणि गिधाडांचं हॉटेल

आम्हा नाशिककरांना रविवारी मिसळ लागतेच, आणि हॉटेलाचं नाव कितीही विचित्र असलं तरी आम्हाला नवल वाटत नाही. त्यामुळे मी फोनवर "मामा, रविवारी तुम्हाला गिधाड रेस्टॉरंटला नेतो" म्हणालो, तेव्हा पिंपळगावकडचे माझे मामा कडक इस्त्रीची टोपी घालून, मामींना घेऊन, उपाशीपोटी हजर झाले.

हे रेस्टॉरंट म्हणजे पेठकडच्या डोंगरात गावकऱ्यांनी गिधाडांसाठी केलेली सोय. पूर्वी गुरांना दुखण्यावरचं एक इंजेक्शन सर्रास टोचायचे. तसली मेलेली गुरं खाऊन गिधाडं पार संपत आली. उरलेल्यांना बिनइंजेक्शनचं मढं मिळावं म्हणून हा खटाटोप, आणि मी त्यात हौसेनं लुडबुडतो. पण मढी कमी पडत होती. मामांचा बैल ट्रॅक्टर आल्यापासून दावणीला बसून म्हातारा झाला होता, आणि माझा त्याच्यावर डोळा होता.

गाडीत मामांनी विचारलं, "गर्दी लय असती का रे तिथं?"

"येतात तेव्हा एकदम येतात, मामा. मारामाऱ्या करतात."

"मंग चव असंल," मामा मामींना म्हणाले.

पोचलो. तारेच्या कुंपणाआड एक मेलेली म्हैस पडलेली. मामींनी पदर नाकाला लावला. मामा म्हणाले, "मालक कुठंय?" तेवढ्यात गिधाडं धपाधप उतरली आणि फिस्कारत एकमेकांच्या अंगावर चढली. मामा भूक विसरले. "आमच्या भावकीत वाटणीला आस्संच झालं व्हतं," म्हणून टाळी मागू लागले.

मामा खुशीत आहेत असं बघून मी त्या इंजेक्शनाची गोष्ट सांगितली, आता गिधाडांना चालणारं दुसरं निघालंय हेही सांगितलं, आणि बैलाचा विषय काढला. मामांचा हात टाळीसाठी वर होता तसाच खाली आला.

"माझा बैल? या भामट्यांना? त्याला मी मळ्यात पुरनार. मीठ टाकून, हार घालून. आमच्या घरात तसंच करत्यात."

परतताना त्यांनी मिसळ चापली, पण पैसे काही मला देऊ दिले नाहीत.

दिवाळीनंतर बैल बसला तो उठेना. मी गेलो, पण गिधाडांचं नाव काढायची माझी टाप नव्हती. बैल कण्हत होता आणि मामा त्याची मान चोळत होते. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली तसा मामांनी त्यांचा हात धरला.

"डॉक्टर, गिधाडांना चालतं ते इंजेक्शन द्या."

मी चमकून पाहिलं. मामा माझ्यावरच खेकसले, "मी काय ठरवलं नाय अजून! याला दुखाया नको, आन् त्यांनाबी माराया नको. एवढंच."

पहाटे बैल गेला. मामींनी त्याला पोळ्यासारखं ओवाळलं. मामा खुंट्याचं दावं सोडून गुंडाळत राहिले, मग म्हणाले, "टेम्पो सांग."

डोंगरात बैल उतरवला आणि मामा पाठ फिरवून उभे राहिले. पंखांचे आवाज आले तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. हे आपण उगाच सुरू केलं, असंही वाटून गेलं. मग केव्हातरी मामा हळूच वळले आणि बघत राहिले. एक लहानसं गिधाड कडेला नुसतंच घुटमळत होतं. मोठी त्याला आत शिरू देत नव्हती.

मामा एकदम कुंपणाशी धावले. "आरं, त्या मागच्याला सोडा की जरा!" असं ओरडले, आणि तार धरून ढसाढसा रडायला लागले.