रिकामी बरणी

धुऊन खिडकीत पालथी घातलेली काचेची बरणी सकाळपासून माझ्याकडे बघते आहे. देवरुखच्या सुमनताईंनी तिच्यातून करवंदाचं लोणचं पाठवलं होतं. आमची ओळख ऑनलाइन बाजारातलीच, अजून भेट नाही.

मागच्या वेळी लोणचं संपलं तेव्हा मी बरणीत तिळाच्या वड्या भरल्या आणि अ‍ॅपवर 'परत पाठवा' दाबलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढंच मला ठाऊक. अ‍ॅपला कसली आली रीत! त्याने 'माल नापसंत' अशी नोंद केली आणि ताईंच्या मानांकनातला एक तारा कापला. मी ओशाळून माफी मागितली. ताईंनी लिहिलं, "वड्या मस्त खुसखुशीत होत्या. ताऱ्यांचं काय, आभाळात ढिगाने पडलेत."

अनोळखी माणसांचा बाजार म्हणे ताऱ्यांवरच चालतो. चालू दे. पण शेजारधर्म कुणाशी पाळायचा, हे मी अ‍ॅपला विचारणार नाही.

आज ताईंच्या दुकानाच्या पानावर नवी ओळ दिसली: "बरणी खुशाल परत पाठवा, तारे गेले तरी चालतील. फक्त रिकामी पाठवू नका."

मी उठले आणि शेंगदाणे भाजायला घेतले.